खोलवाडीच्या रापणीचा दोर

मित्रांनो, मी एक जुना दोर आहे. काथ्याचा, मनगटाएवढा जाड आणि वयाच्या मानाने अजूनही बराच हट्टी. मालवणच्या किनाऱ्यावर खोलवाडी नावाची एक वस्ती आहे. तिथल्या मांगरात, म्हणजे होड्या आणि जाळी ठेवण्याच्या छपराखाली, माझं वेटोळं पडलेलं असतं. कोंबड्या माझ्यावर बसून डुलक्या काढतात आणि एक मांजर दर वर्षी माझ्या पोटात पिल्लं घालते. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं माणसं एकमेकांना टोमण्याने म्हणतात. ते ऐकलं की मला राग येतो. पीळ गेल्यावर दोराजवळ उरतं काय?

माझा जन्म काशीबाईच्या हातात झाला. नारळाची सोडणं, म्हणजे वरची जाड सालं, खाडीच्या चिखलात महिनोन्‌महिने पुरून ठेवायची, कुजली की काढून दांडक्याने बडवायची, धुऊन वाळवायची आणि मग तो काथ्या तळहातांमध्ये वळायचा. शेजारणी वळता वळता गप्पा मारत. काशीबाई नुसती वळत राही. एखादा पेड सैल पडला तर सगळा उलगडून पुन्हा वळी. तेव्हा मला तिचा फार कंटाळा यायचा. पुढे माझ्यावर काय काय येणार आहे हे तिला आधीच ठाऊक असावं, असं आता वाटतं.

मला रापणीला लावलं. रापण म्हणजे काय ते सांगतो. माशांचा थवा किनाऱ्याजवळ आला की होडी लांबलचक जाळं घेऊन पाण्यात अर्धवर्तुळ काढते. जाळ्याच्या दोन टोकांना दोन दोर असतात. ते धरून माणसांच्या दोन रांगा वाळूवर उभ्या राहतात आणि जाळं ओढून आणतात. होडीवाले, मासे विकणाऱ्या बायका, म्हातारे, पोरं, सगळे. मी पहिल्यांदा समुद्रात उतरलो तेव्हा लाटा मला एकीकडे खेचत होत्या आणि एवढे सगळे हात दुसरीकडे. मला वाटलं, मी आता तुटणार. मी तुटलो नाही, जाळं आलं. ज्या समुद्रापुढे गलबतंही हात टेकतात, त्याच्या पोटातून ही साधी माणसं नुसत्या हातांनी एवढं ओझं ओढून आणतात, हे बघून मी थक्क झालो. माझी ती थक्क होण्याची सवय अजून गेलेली नाही.

मग वाळूवर माशांचे ढीग घालतात. त्यांना वाटे म्हणतात. नियम एकच: ज्याने दोराला हात लावला, त्याला वाटा. पायाने अधू झालेला म्हातारा धोंडू रांगेच्या शेवटी बसून मला नुसता धरून असे आणि ‘ओढ’ म्हणून हाळी देई. त्यालाही वाटा. वाटेने जाणारा परका माणूस घटकाभर हात लावून गेला, तरी त्याला वाटा. एक ढीग अंथरुणाला खिळलेल्यांसाठी बाजूला निघे आणि त्यावर कुणी कधी कुरकूर केलेली मी ऐकली नाही. तुम्ही चेहऱ्यावरून माणसं ओळखता. मी तळहातावरून ओळखतो. खोलवाडीतला एकही तळहात मला अनोळखी नव्हता.

पण खोलवाडीची जागा मोठी अवघड. पुढे समुद्र, मागे खाडी, मध्ये वाळूची पट्टी आणि तिच्यावर वस्ती. शाळा, दुकान, मालवणचा रस्ता, डॉक्टर, सगळं खाडीच्या पलीकडे. ओहोटीला बायका डोक्यावर टोपली घेऊन कमरेएवढ्या पाण्यातून जात. भरतीला होडी. आणि पावसाळ्यात खाडी अशी चढे की मृगापासून नारळी पौर्णिमेपर्यंत कुणी पलीकडे जायचं मनातही आणत नसे.

दत्ताराम म्हणून आमच्या रापणीतला एक तरणा गडी. आनंदी त्याची बायको. तिचं पहिलं बाळंतपण भर श्रावणात अडलं. हौसाबाई वाडीची सुईण. तिच्या हाताला यश होतं. पण तिनेच सांगितलं, हे माझ्या हातचं नाही, हिला मालवणच्या दवाखान्यात न्या. होडी घातली. लोंढ्याने ती फिरवून परत आमच्याच काठावर आणून टाकली. संध्याकाळपर्यंत मूल गेलं. आनंदी कशीबशी वाचली. मी मांगरात कोरडा बसून होतो. मला कुणी उचललं नाही, आणि उचलून उपयोगही नव्हता. दोर एका काठावरून टाकून भागत नाही. पलीकडे तो धरायला कुणीतरी लागतं. पलीकडे आमचं कुणी नव्हतं.

दसऱ्यानंतर मांगरात सभा भरली. खुर्च्या कुठल्या? माणसं माझ्या वेटोळ्यावर बसली. ‘खोलवाडी सेवा मंडळ’ असं नाव ठरलं. धोंडू अध्यक्ष झाला. दत्ताराम सात इयत्ता शिकलेला, म्हणून त्याने अर्ज लिहायचे. बायका दाराबाहेर उभ्या होत्या. हौसाबाई आत आली, दोघा गड्यांना सरकायला लावून माझ्यावर ऐसपैस बसली आणि तेव्हापासून मंडळात बायकाही आल्या. त्या दिवशी मागणी एकच झाली. खाडीवर पूल. पक्का नाही मिळाला तर लाकडी साकव तरी.

अर्ज गेला, परत आला, पुन्हा गेला. हौसाबाईने वेगळाच उपाय काढला. बाजारात मासे विकून झाले की ती रिकामी टोपली घेऊन कचेरीत जाऊन बसे. टोपली तरी बाहेर ठेव म्हणून कारकून विनवत. ती म्हणे, बाहेर ठेवली तर कुत्रे जमतात, त्यापेक्षा तुम्ही अर्ज लवकर पुढे पाठवा, म्हणजे मीही येणार नाही. अर्ज पुढे गेला. तोवर आनंदीला पुन्हा दिवस गेल्याचं वाडीला कळलं होतं. दिवस आषाढात भरत होते. आता मंडळाला साकव कधीतरी नको होता, आषाढाच्या आत हवा होता. सभेत ते कुणी मोठ्याने बोलत नसे. पण बोलणं थांबलं की सगळ्यांची नजर दत्तारामकडे जाई.

माघात विकास कचेरीतले साहेब यायचे ठरले. सरकारी मदत हवी तर गावाने श्रमदान करायचं, आणि गाव एकजुटीचं आहे की नाही ते साहेब स्वतः बघणार. वाडीने मांडव घातला आणि बसायला माझं वेटोळं तिथे नेलं. पलीकडच्या शाळेतून होडीने खुर्ची आणली. साहेब आले, हार झाला आणि ते बोलायला उभे राहिले. आता बघा, नशीब कसं असतं ते. तेवढ्यात पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, टेहळणीला बसलेल्या बाबली नावाच्या गड्याने अंगातला सदरा काढून हवेत फिरवला. बांगड्यांचा थवा आला होता.

मित्रांनो, खोलवाडीत थवा दिसला की माणूस जेवणावरूनही उठतो. त्यात विचार नसतो. मांडव एका दमात रिकामा झाला. धोंडूला दोघांनी उचलून नेलं. मला तर बसलेल्यांच्या खालून ओढून काढलं. मागे साहेब, खुर्ची आणि आनंदी एवढीच राहिली. तिला ओढायला मनाई होती ना.

मांडवातलं पुढचं मी पाहिलं नाही, पण आनंदीने ते नंतर इतक्यांदा सांगितलं की मला पाठ झालं आहे. साहेबांचा चेहरा पार उतरला होता. ते म्हणाले, "मी इतक्या लांबून तुमची एकजूट बघायला आलो. ती ही अशी?" आणि ते जायला निघाले. आनंदी कधी परक्या माणसाशी बोललेली नव्हती. पण ते गेले तर आपलं काय होणार, हे वाडीत तिच्याइतकं कुणाला कळत होतं? ती वाटेत उभी राहिली.

"सायबानू, रागावू नकात," ती म्हणाली. "तुमी आमची एकी बगूक इलात. ती हय मांडवात दिसाची नाय. ती थय पुळणीर आसा. चला, मी दाखवतंय."

ते आले. दोन रांगा लागल्या होत्या, जाळं जड झालं होतं आणि सगळ्यांच्या पाठी एकदम वाकत होत्या. साहेब जरा वेळ बघत उभे राहिले. खोलवाडीच्या पुळणीवर नुसतं बघत उभं राहायची रीत नाही. धोंडूने त्यांना खुणेने बोलावलं आणि माझा एक हातभर तुकडा त्यांच्यापुढे मोकळा केला. त्यांनी बूट काढले. त्यांचा तळहात मला अजून आठवतो: मऊ, बोटांना शाई लागलेला. पहिल्या ओढीतच तो सोलवटला. मला वाटलं, सोडतील. पण पुढचा ओढतो आहे, मागचा ओढतो आहे, अशा वेळी मधल्याला सोडवत नाही. तेही आमच्याबरोबर वाकले आणि आमच्याबरोबर मागे रेलले. जाळं वाळूवर आलं तेव्हा ते धापा टाकत हसत होते. साहेब हसतात हेच वाडीला नवीन होतं.

त्यांचा वाटा त्यांच्यापुढे ठेवला. ते नको म्हणाले. धोंडूने सांगितलं की नको म्हणायची सोय नाही. मग त्यांनी विचारलं, मला अडवायला ह्या बाईला पुढे केलं ते कशासाठी? खरं तर तिला कुणी पुढे केलं नव्हतं, ती आपणहून उठली होती, पण ते असो. हौसाबाईने श्रावणातली सगळी हकिगत सांगितली.  साहेब म्हणाले की पक्का पूल मंजूर व्हायला वर्षं लागतील, त्याबद्दल मी खोटी आशा लावत नाही. साकवासाठी ओव्हरसियर पाठवीन, लोखंडी सामान देईन.

"पण पूल एका काठावर उभा राहत नाही," ते म्हणाले. "तुमचे हात मी पाहिले. पलीकडच्या गावाचे हात मला दाखवा."

पलीकडचा गाव शेतकऱ्यांचा. भात, काजू, आंब्याची झाडं. आमच्याशी त्यांचं भांडण नव्हतं आणि फारसं बोलणंही नव्हतं. मासे घ्यायचे एवढाच संबंध. तिथे शिवा नावाच्या शेतकऱ्याचा शब्द चाले, आणि साकवाला लागणारे भेरल्या माडांचे, म्हणजे ताडासारख्या रानटी झाडांचे, लांब सोट त्याच्याच बागेत होते. मंडळाचे गडी दोनदा जाऊन हात हलवत आले. शिवाचं म्हणणं सरळ होतं. साकव तुम्हाला हवा, आम्हाला खाडीच्या त्या बाजूला काय काम आहे?

मग बायका गेल्या. बायकांना त्या गावातली प्रत्येक चूल ठाऊक. हौसाबाई शिवाच्या खळ्यात टोपली उतरून बसली आणि त्याच्या आईला मासे देता देता म्हणाली, "शिवा, तुझ्या ताटात बांगडो पडता तो उडान येता काय रे? आमी ह्याच पाण्यातसून डोक्यार घेवन येताव."  शिवाची आई उठली आणि आत जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन आली. तोवर मासेवालीला त्या घरात कुणी पाणी विचारलं नव्हतं.

पुढच्या रापणीला शिवा आला, बरोबर त्याच्या गावातले सात-आठ जण. म्हणाले, कसं ओढता ते बघू. बघू कसलं? धोंडूने त्यांच्या हातात मला दिलं. नांगर धरणारे तळहात होते ते, रुंद, मधोमध घट्टे पडलेले. त्यांची ओढ वेगळीच होती, बैलासारखी सावकाश आणि न सुटणारी. वाटे घालताना त्यांच्यासाठी ढीग पडले आणि शिवा आपल्या ढिगाकडे बघतच राहिला. त्याच आठवड्यात भेरले माड तुटले. तोडले त्यांनी, खाडीपर्यंत ओढून आणले दोन्ही गावांनी, आणि ओढले ते माझ्याच जोरावर. चैत्र-वैशाखात दोन्ही काठांवरून साकव पुढे सरकू लागला. ओव्हरसियरने खुणा घालून दिल्या होत्या. संध्याकाळी दोन्हीकडची माणसं आपापल्या टोकावर बसून मधल्या पाण्यावरून एकमेकांशी बोलत. इतकी वर्षं ती खाडी तिथेच होती आणि तिच्यावरून कुणी कुणाशी बोललेलं नव्हतं.

मधला भाग तेवढा राहिला होता. ज्येष्ठ संपायच्या आत तो झाला असता. पण त्या वर्षी पावसाने घाई केली आणि पहिल्याच लोंढ्याने मधले खांब उपटून नेले. दोन्ही काठांवरची टोकं उभी राहिली, मध्ये पाणी. आणि आनंदीने आषाढाची वाट पाहिली नाही. एका सकाळी तिला कळा सुरू झाल्या आणि हौसाबाईचा चेहरा बघूनच दत्ताराम मांगरात धावत आला. ह्या खेपेला त्याने मला उचललं.

पलीकडे शिवाची माणसं शेतात जोत धरून होती. आमच्या काठावर गर्दी जमलेली त्यांना दिसली. हाक तर ऐकूच जात नव्हती, खाडीचा गोंगाट एवढा होता. पण त्यांनी जोतं जागच्या जागी सोडली आणि ती सगळी साकवाच्या त्या टोकावर धावत आली. बाबली पाग, म्हणजे हाताने फेकायचं जाळं, टाकण्यात पटाईत. त्याने बारीक दोरीला शिशाचं वजन बांधून ती पलीकडे भिरकावली. दोनदा पाण्यात पडली, तिसऱ्यांदा शिवाने झेलली. त्या दोरीमागून माझं एक टोक गेलं. होडी माझ्या मधोमध बांधली: पुढून मी, मागूनही मी. पलीकडच्यांनी ओढायचं, आमच्यांनी धरून हळूहळू सोडायचं, म्हणजे लोंढ्याला होडी नेता येणार नाही. होडीत आनंदी, हौसाबाई आणि दत्ताराम.

मित्रांनो, खोलवाडीच्या हातांना जन्मभर एकच काम ठाऊक होतं, ओढण्याचं. धोंडू भिजत काठावर बसला होता. त्याने आयुष्यात पहिल्यांदा वेगळी हाळी दिली.

"आज ओढूचा नाय," तो म्हणाला. "आज सोडूचा. हळू. माझ्या तोंडाकडे बगा."

तळहातांमधून मी इंचाइंचाने सरकू लागलो. त्यांची कातडी जळत होती, ते मला कळत होतं. सोडू नये असं प्रत्येक हाताला वाटत होतं आणि तरी प्रत्येक हात धोंडूच्या शब्दावर तेवढंच सोडत होता. होडी मधोमध आली तेव्हा लोंढा तिच्यावर आदळला आणि माझा एक पेड तटकन तुटला. मी घाबरलो, हे कबूल करतो. मग मला पुढच्या बाजूला आणखी दोन हात जाणवले. आनंदी होडीत उठून बसली होती आणि कळा सोसत मला धरून स्वतः ओढत होती. मी समुद्र पाहिला आहे, वादळं पाहिली आहेत. त्या दोन हातांइतकं मोठं काही मी आजवर पाहिलेलं नाही. उरलेले पेड मी कसे धरून ठेवले ते मलाही ठाऊक नाही. काशीबाईलाच ठाऊक.

होडी पलीकडे लागली. शिवाची बैलगाडी आनंदीला घेऊन मालवणच्या रस्त्याने गेली. मला तसंच दोन्ही टोकांवर बांधून ठेवलं. वाडी काठावरून हलली नाही. दिवस गेला, रात्र गेली, पाऊस पडतच होता. दुसऱ्या दिवशी दुपारी पलीकडे दत्ताराम दिसला. तो ओरडत होता, पण त्याचा एक शब्द इकडे येत नव्हता. पावसात त्याचा चेहराही दिसेना. बातमी कसली आहे ते कुणाला कळेना आणि विचारायचं धाडसही कुणाला होईना. मग दत्तारामने माझं टोक पकडलं आणि ओढायला लागला. हिसक्यावर हिसके, देवळातली घंटा वाजवावी तसे. सगळे माझ्याकडे बघत राहिले. काशीबाई पुढे आली आणि तिने माझ्यावर हात ठेवला. किती वर्षांनी तो खरखरीत हात मला लागला.

"रडणारो माणूस असो दोर ओढूचो नाय," ती म्हणाली.

मग एकेक जण येऊन माझ्यावर हात ठेवू लागला. त्या पावसात सगळी खोलवाडी मला धरून उभी होती आणि दत्ताराम पलीकडून ओढतच होता. मुलगी झाली होती. दोघी सुखरूप होत्या.

पाऊस उघडल्यावर साकव पुरा झाला. पुढे एकोणीसशे साठ साल उलटून गेल्यावर सरकारी पक्का पूल आला. आनंदीची हिरा त्यावरून शाळेत जाते. रापणीला आता नायलॉनचे दोर आले आहेत, हलके आणि गुळगुळीत. त्यांच्याबद्दल मी वाईट बोलणार नाही, त्यांची अजून कसोटी लागलेली नाही. पूल झाल्यावर मंडळाच्या सभा मात्र विरळ झाल्या. काम झालं, आता कशाला, असं लोक म्हणतात. पुलाची पन्हाळं पाल्याने तुंबली आहेत. येणारे-जाणारे ते बघतात, सरकारला नावं ठेवतात आणि पुढे जातात.

म्हणून, मित्रांनो, जाता जाता एक मागणं. काथ्याचा दोर दमट जागी पडून राहिला की आतून कुजतो. पावसाळ्याआधी त्याला एकदा पुळणीवर नेऊन उन्हात पसरावं लागतं. माझा तुटलेला पेडही काशीबाई आहे तोवर सांधून घ्यायला हवा. पण मी फार जड आहे, मला एकट्याने कुणाला उचलता येत नाही. आठ-दहा जण तरी लागतात. निदान तेवढ्यासाठी तरी मांगरात एकदा सगळे मिळून या.